टॉर्शन बार पुन्हा पुन्हा आवळूनही गाडीचा पुढचा कोपरा बसत असेल तर

पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) आणि मागे कमान पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांची स्प्रिंग) अशी बांधणी असलेल्या गाडीत एक तक्रार वारंवार उद्भवते. पुढचा एक कोपरा, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूचा, हळूहळू बसतो. गॅरेजमध्ये टॉर्शन बारचा बोल्ट आवळून तो वर घेतला जातो, गाडी महिना-दीड महिना सरळ दिसते आणि मग तोच कोपरा पुन्हा खाली येतो. दर खेपेला बोल्ट थोडा अधिक आत जातो आणि दर खेपेला गाडी खड्ड्यात थोडी अधिक आपटते. शेवटी एक्सलचे रबरी बूट फाटते किंवा टायरची एकच कड खाल्ली जाते, आणि तेव्हा कुठे दुखणे केवळ उंचीचे नाही हे ध्यानात येते.

माझी गाडी म्हणजे सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनाची महिंद्राची जुनी थार. ती २०१० ते २०२० या काळात विक्रीला होती. तिचा बहुतेक वापर भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या शेताच्या वाटेवर होतो. तिथे पावसाळ्यात तांबडी चिकण माती असते, उन्हाळ्यात तीच माती धुपून उघडे पडलेले दगड असतात, आणि मध्ये दोन ओढे लागतात. दोन पावसाळ्यांत मी उजवा टॉर्शन बार तीन वेळा आवळून घेतला. तिसऱ्या वेळेनंतर उजव्या बाजूचे सीव्ही बूट (एक्सलच्या वळत्या सांध्यावरचे, म्हणजे सीव्ही जॉइंटवरचे रबरी आवरण) फाटले आणि ओल्या चढावर मागचे उजवे चाक पूर्वीपेक्षा फार लवकर घसरू लागले. पुढचा बोल्ट आवळल्यावर मागच्या चाकाची पकड का जावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मूळ दोष सापडला. म्हणून तपासणीचा क्रम मी इथे सविस्तर देत आहे.

पाना हातात घेण्याआधी मापे

जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजण्याची सवय सोडावी, कारण त्या मापात टायरमधली हवा आणि टायरची झीज दोन्ही मिसळतात. चाकाच्या हबचा मध्यबिंदू आणि त्याच्या नेमक्या वरची मडगार्डची कड यांतले अंतर मोजावे आणि चारही चाकांची मापे वहीत लिहावीत. गाडी सपाट काँक्रीटवर उभी असावी, चारही टायरमध्ये ठरलेली हवा असावी, डिझेलची टाकी दर वेळी साधारण तेवढीच भरलेली असावी आणि मागे पोती, हत्यारे किंवा पाण्याचे कॅन नसावेत. ड्रायव्हर नेहमी एकटाच असेल तर त्याच्या वजनाएवढा भार सीटवर ठेवून दुसरे माप घ्यावे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने उजवा कोपरा काही मिलिमीटर खाली असणे साहजिक आहे, आणि डाव्या-उजव्यात पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक मी दोष मानत नाही.

माप घेण्याआधी गाडी पाच-सहा मीटर पुढे-मागे चालवून थांबवावी. ही पायरी जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये गाळली जाते. जॅकवरून उतरवलेल्या गाडीची पुढची चाके आत ओढलेल्या अवस्थेत जमिनीवर टेकतात, टायर जमिनीला घट्ट धरून राहतात आणि गाडी खऱ्या उंचीपर्यंत खाली येऊच शकत नाही. त्या अवस्थेतले माप पाहून मेकॅनिक समाधानी होतो, आणि मालक घरी पोहोचेपर्यंत गाडी दहा-पंधरा मिलिमीटर बसलेली असते. यातला कोणताही भाग बिघडलेला नसतो. चूक फक्त माप घेण्याच्या वेळेची असते.

यानंतर मोजायची दोन मापे माझ्या मते उंचीपेक्षाही महत्त्वाची आहेत. गाडी उभी असताना आर्म (चाकाला चासीशी जोडणारा हलता हात) आणि बंप स्टॉपचे (चाक वर येण्याची हद्द ठरवणारे) रबर यांत किती मोकळीक आहे ते पाहावे. चाक वर दाबले जाऊन ती मोकळीक संपेपर्यंत हब जेवढा वर सरकतो, तिला मी दबण्याची चाल म्हणतो. मग चासी जॅकने उचलून चाक पूर्ण लटकू द्यावे आणि हब ते मडगार्ड हे अंतर पुन्हा मोजावे. उभ्या मापात आणि लटकलेल्या मापात जो फरक येतो ती लटकण्याची चाल. या दोन चालींची बेरीज सस्पेन्शनच्या रचनेने ठरलेली असते. टॉर्शन बारचा बोल्ट ती बेरीज वाढवू शकत नाही. तो फक्त एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकतो.

कल पुढून येतो की मागून

चासी ही चार स्प्रिंगांवर टेकलेली ताठ चौकट आहे. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असेल तर टेबल त्याच कोपऱ्यात झुकत नाही, कर्णावर डुलते. गाडीतही तसेच घडते. मागचा उजवा पाटा थकला किंवा त्यातले एक पान तुटले तर सगळी चौकट उजवीकडे कलते. पुढची उंची मडगार्डवर चटकन नजरेत भरते आणि मागे टायर व पाटे चिखलाने माखलेले असतात, त्यामुळे बसलेला कोपरा म्हणून पुढच्या उजव्याकडेच बोट दाखवले जाते. मग पुढचा उजवा बोल्ट आवळला जातो. गाडी सरळ दिसते, पण पुढचे उजवे आणि मागचे डावे या कर्णावर जास्त वजन जाते, आणि पुढचे डावे व मागचे उजवे हलके होतात. माझे मागचे उजवे चाक चढावर का घसरत होते ते यावरून उघड झाले. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास पुढचे हलके चाक आधी अडकण्याचा धोका याच असमतोलातून येतो, म्हणून हा प्रश्न केवळ गाडी दिसण्याचा नाही.

दोष पुढचा की मागचा हे ठरवण्याची परीक्षा सोपी आहे, पण ती काळजीपूर्वक करावी लागते. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत, कारण मागची चाके उचलली गेल्यावर हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. पुढच्या स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक सोडावी, नाहीतर तो बार दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो आणि माप खोटे येते. आता चासीच्या मागच्या आडव्या बीमच्या बरोबर मध्यभागी लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली जॅक लावावा आणि मागच्या पाट्यांवरचा भार पूर्ण निघेपर्यंत गाडी उचलावी. दोन्ही बाजूंना चासीच्या खाली दोन-अडीच सेंटिमीटर अंतर सोडून स्टँड ठेवावेत, म्हणजे जॅक सरकला तरी गाडी त्यांवर अडेल. या अवस्थेत कोणीही गाडीखाली जाऊ नये. मागचा भाग आता एकाच बिंदूवर टेकला असल्याने डावी-उजवी उंची केवळ पुढच्या दोन टॉर्शन बारवर ठरते. गाडी हाताने हलवून सोडावी आणि पुढची दोन्ही मापे घ्यावीत. ती सारखी आली तर कल मागून येत आहे, आणि पुढचा बोल्ट फिरवून तो कधीही कायमचा जाणार नाही. फरक तेवढाच राहिला किंवा वाढला तर दोष पुढे आहे.

माझ्या गाडीत पुढचा फरक जमिनीवर असताना १८ मिलिमीटर होता, तोही बोल्ट तीन वेळा आवळून झाल्यावर. मागचा भाग मध्यावर उचलताच कल उलट बाजूला गेला, म्हणजे उजवी बाजू वर आली. मागचा दोष झाकण्यासाठी पुढचा उजवा बार गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताणला गेला होता. कमान पाटेवाल्याकडे मागचा संच उतरवून पाने सुटी केली तेव्हा उजव्या बाजूचे दुसरे पान सेंटर बोल्टजवळ (पाने मध्यभागी एकत्र धरणाऱ्या बोल्टजवळ), नेमके पाटा एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटखाली तुटलेले निघाले. तुटलेले दोन्ही तुकडे प्लेटने घट्ट धरून ठेवले होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. पानांच्या मध्ये गंजाची ताजी तांबडी भुकटी दिसणे, पानांची टोके एका रेषेत नसणे, सेंटर बोल्टचे डोके प्लेटच्या भोकातून सरकलेले असणे आणि शॅकलचा (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी अस्तर, एका बाजूला खाल्लेला असणे या चार खुणा दिसल्या तर संच उतरवूनच पाहावा.

पान बदलताना एकट्या उजव्या बाजूचे बदलू नये. दोन्ही बाजूंच्या कमानीची उंची एकाच वेळी जुळवून घ्यावी. जुन्या पाट्याला हातोड्याने थंड कमान मारून देणारे कारागीर आहेत आणि काही काळ तो पाटा चांगला चालतोही, परंतु थकलेले पोलाद पुन्हा बसते, हे मान्य करूनच तो मार्ग घ्यावा. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण ते आवळताना ताणले जातात आणि त्यांचे आटे दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. नवे यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

बुश हवेत आवळल्याचा परिणाम

मागचा दोष निघाल्यावर पुढचा बार सैल करून मी मापे पुन्हा घेतली आणि गाडी सरळ आली. दोन महिन्यांनी पुढचा भाग दोन्ही बाजूंनी सारखाच, पण १० ते १२ मिलिमीटरने खाली आला होता. हा दुसरा दोष वेगळा होता आणि तो एका गॅरेजमध्ये झालेल्या कामातून आला होता. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) बदलताना आर्म चासीला जोडणारे पिव्हट बोल्टही सोडले गेले होते, आणि गाडी जॅकवर, चाके लटकलेली असतानाच ते पूर्ण आवळले गेले होते.

आर्मच्या मुळाशी असलेला रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. चाक लटकलेल्या अवस्थेत बोल्ट आवळला की तीच अवस्था त्याच्या दृष्टीने सरळ ठरते. गाडी खाली उतरवल्यावर तो बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो, टॉर्शन बारच्या जोडीला आपलाही जोर लावतो आणि गाडी काही मिलिमीटर उंच धरून ठेवतो. मेकॅनिक त्या उंचीवर बार जुळवतो. पुढे रबर थकते किंवा नळीपासून सुटते, त्याचा जोर नाहीसा होतो आणि गाडी बसते. बार बसला असा समज करून बोल्ट पुन्हा आवळला जातो, बुश मात्र फाटलेलाच राहतो. यावर उपाय एकच आहे. बुश खराब असल्यास बदलावा, पिव्हट बोल्ट हाताने बसतील एवढेच लावावेत, उंची जुळवावी, गाडी चाकांवर उतरवून पुढे-मागे चालवावी आणि मग गॅरेजमधल्या सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच ते बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावेत. मेकॅनिकला हे काम सांगताना मी शेजारी उभा राहतो, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

या दोन्ही कारणांचा निकाल लागल्यानंतरच खुद्द टॉर्शन बारवर संशय घ्यावा. नवा बार सुरुवातीला थोडा बसतो आणि वर्षानुवर्षे भार वाहिल्यावर आणखी थोडा बसतो, हा पोलादाचा स्वभाव आहे. डावा आणि उजवा बार कारखान्यातच विरुद्ध दिशांना पीळ देऊन घडवलेले असतात व त्यांच्या टोकांवर तशी खूण असते. उतरवताना त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही बार भराभर बसतात, आणि हेही मी एका परिचिताच्या गाडीत पाहिले आहे. उंचीसाठी शॉकअप बदलण्याचा सल्ला मात्र मानू नये. शॉकअप गाडीचे डोलणे थोपवतो, वजन पेलत नाही. गॅस भरलेला नवा शॉकअप गाडी क्वचित दोन-चार मिलिमीटर उचलतो, एवढेच.

बोल्ट फिरवल्याने नेमके काय बदलते

टॉर्शन बार आवळला की गाडी कडक होते, हा समज फार पसरलेला आहे. बारचा ताठपणा त्याच्या व्यासावर, लांबीवर आणि पोलादावर अवलंबून असतो. व्यासाचा तर चौथा घात लागतो, म्हणजे व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर ताठपणा सुमारे साडेएकवीस टक्क्यांनी वाढतो. बोल्ट फिरवल्याने यातले काहीच बदलत नाही. बारचे मागचे टोक धरणारा अँकर आर्म थोडा फिरतो आणि त्याच वजनावर गाडी थोडी वर उभी राहते. मग गाडी कडक का वाटते? कारण लटकण्याची चाल संपत आलेली असते. चाक खड्ड्यात उतरताना खाली जायला जागा उरत नाही, आर्म लटकण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरावर आपटतो, आणि तो धक्का चासीतून सीटपर्यंत येतो. माझ्या गाडीत मूळ उंचीवर लटकण्याची चाल सुमारे ७० मिलिमीटर होती. तिसऱ्यांदा आवळल्यानंतर उजव्या बाजूला ती ३५ उरली होती. दगडांच्या वाटेवर ते चाक वारंवार हवेत राहत होते, हे मी स्वतः उतरून पाहिले.

उंची वाढल्यावर आणखी तीन गोष्टी बदलतात. पुढच्या एक्सलचा कोन वाढतो, त्यामुळे सीव्ही जॉइंटच्या बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटते, ग्रीस उडते आणि आत चिखल जातो. पूर्ण स्टिअरिंग फिरवून हळू चालताना कट-कट असा आवाज आला तर तो त्याचा परिणाम समजावा. टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) सरकतात. टायरची एक पूर्ण कड झिजत असेल तर कॅम्बरकडे, आणि तळहात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागत असेल तर ‘टो’कडे पाहावे. हेडलाइटचा झोत वर जातो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि घाटात हे धोक्याचे आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एक्सलला जोडलेल्या वाल्वने ठरतो. अशा गाडीचा मागचा भाग उचलला तर गाडी रिकामी आहे असा त्या वाल्वचा समज होतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात, म्हणून तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

कोणत्या वाटेला किती उंची

या प्रश्नाचा विचार करताना गाडीत सर्वांत खाली काय आहे ते आधी पाहावे. मागच्या सरळ एक्सलमध्ये डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा सर्वांत खाली असतो, आणि पाट्यांची उंची कितीही वाढवली तरी तो गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. मूळ २३५/७० आर१६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर असतो आणि २४५/७५ आर१६ चा सुमारे ७७४. व्यासातल्या फरकाचा निम्मा, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर, उंचीच्या रूपात मिळतो आणि तोही गाडीच्या प्रत्येक भागाला मिळतो. त्याच्या मोबदल्यात स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ५ टक्के कमी दाखवू लागतो आणि चाके पूर्ण फिरवल्यावर टायर कुठे घासतो का हे पाहावे लागते. सस्पेन्शन उचलल्याने फायदा होतो तो चासीच्या पोटाला आणि पुढच्या-मागच्या टोकांना. दोन चाकांतले अंतर २४३० मिलिमीटर आणि पोटाखालची मोकळीक २०० मिलिमीटर धरली तर उंचवटा पार करण्याचा कोन सुमारे १८.७ अंश येतो. गाडी २५ मिलिमीटर उचलली की तो २१ अंशांच्या आसपास जातो. शेताचा उंच बांध ओलांडताना हे सव्वादोन अंश उपयोगी पडतात यात शंका नाही, पण त्यासाठी पुढची एक तृतीयांशाहून अधिक लटकण्याची चाल द्यावी लागते.

दगडधोंड्यांच्या, ओढ्याच्या पात्रातल्या किंवा धुपलेल्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये सावकाश जाणाऱ्याला मी मूळ उंचीच ठेवायला सांगेन, फार तर १० मिलिमीटर वर. तिथे चाक खाली पोहोचून दगडाला टेकणे अधिक मोलाचे असते, कारण टेकलेले चाकच गाडी ओढते. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या असलेल्या वाटेवर परिस्थिती उलटी असते. चाके चाकोरीच्या तळाला असतात आणि मधला मातीचा कणा पोटाला लागतो. तिथे २० मिलिमीटरपर्यंत उचलणे योग्य ठरते, मात्र लटकण्याची चाल एकूण चालीच्या एक तृतीयांशाहून खाली जाऊ देऊ नये. फलटण-बारामतीकडच्या काळ्या मातीत उंचीपेक्षा टायर आणि मडगार्ड यांतली मोकळीक अधिक लागते, कारण ती माती चाकाला गोळ्यांनी चिकटून आत कोंबली जाते. कोकणातल्या पुळणीवर मात्र उंचीला हातच लावू नये. तिथे टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत कमी करणे हा खरा उपाय आहे. पुन्हा डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती भरता येईल असा पंप सोबत असावा.

चालवण्याची पद्धत तितकीच निर्णायक आहे. कच्च्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने जाणाऱ्याला दबण्याची चाल हवी असते आणि लटकण्याचीही हवी असते, म्हणून त्याने मूळ उंचीवर राहून चांगल्या शॉकअपवर खर्च करावा. आठवड्यातले पाच दिवस गाडी महामार्गावर आणि घाटात जात असेल, वर कॅरिअर आणि त्यावर सामान असेल, तर वाढवलेली प्रत्येक उंची वळणावर कलंडण्याची शक्यता वाढवते. पुढे विंच आणि लोखंडी बंपर बसवल्यामुळे गाडीचे नाक खाली गेले असेल, तर तेवढे परत वर घेणे हा टॉर्शन बारच्या बोल्टचा सर्वांत रास्त उपयोग होय. मागे कायम पोती किंवा औजारे वाहणाऱ्याने लांब शॅकल लावण्यापेक्षा पाट्यात एक पान वाढवावे. शॅकल दोन इंच लांब केले तरी गाडी एकच इंच उचलली जाते, शिवाय एक्सलचा पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) वर कलतो आणि इंजिनाची शक्ती मागे नेणारा तो शाफ्ट थरथरू लागतो. दर ऋतूला उंची बदलत राहण्याच्या मी विरोधात आहे. आपल्या नेहमीच्या वाटेला जुळणारी एक उंची ठरवावी आणि बाकीचा फरक टायरच्या हवेने आणि वेगाने भरून काढावा.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत, उदाहरणार्थ २०२० नंतरच्या थारमध्ये, बोल्ट फिरवण्याची सोय नसते. तिथे स्प्रिंग बदलावी लागते किंवा स्पेसर बसवावा लागतो, आणि चालींचा हिशेब तोच राहतो. असे सुटे भाग बसवण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचावे. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यावर त्यात निर्बंध आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके तेच विचारते.

उंची जुळवण्याची कृती

बोल्टच्या उघड्या आट्यांची लांबी आधी मोजून लिहावी आणि बोल्टवर रंगाची खूण करावी, म्हणजे काही चुकले तर मूळ जागी परतता येते. आट्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. चासी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाके लटकू द्यावीत. भार असताना बोल्ट फिरवला तर आटे जातात, आणि आटे गेलेला अँकर बोल्ट घाटात सुटला तर काय होईल याचा विचारही करवत नाही. भार काढला तरी बारमध्ये काही पीळ शिल्लक असतो, म्हणून बोल्ट पूर्ण काढू नये आणि अँकर आर्मच्या रेषेत चेहरा किंवा हात ठेवू नये. लॉकनट सैल करून एक किंवा अर्धा फेराच द्यावा. माझ्या गाडीत एका फेऱ्याला पाच-सहा मिलिमीटर मिळतात, पण प्रत्येकाने आपल्या गाडीचा हिशेब स्वतः मांडावा. मग आट्यांना ग्रीस लावावे, गाडी उतरवावी, पुढे-मागे चालवावी, पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडावा आणि चारही मापे घ्यावीत. केवळ ज्या कोपऱ्याचा बोल्ट फिरवला त्याचेच माप घेणे पुरेसे नाही, कारण एक कोपरा वर गेला की उरलेले तीनही सरकतात. उंची मनासारखी झाली की लॉकनट आवळावा, स्टॅबिलायझरची लिंक गाडी चाकांवर असताना जोडावी, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत खाली घ्यावा.

माझ्या गाडीत नवे पान, पुढच्या आर्मचे नवे बुश आणि जमिनीवर उभ्या गाडीत आवळलेले बोल्ट एवढे काम झाल्यावर उजवा बोल्ट पूर्वीपेक्षा साडेचार फेरे बाहेर आला. पुढची मापे पहिल्या दिवशी, मग ५०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर घेतली. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये दोन्ही बाजू तीन-तीन मिलिमीटर बसल्या, त्यानंतर त्या तिथेच आहेत. डाव्या-उजव्यातला फरक ४ मिलिमीटर आहे आणि मागचे उजवे चाक शेताच्या चढावर इतर तिघांइतकेच धरते.